पूर्ण सोळा आण्यांची म्हण

'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.' ही म्हण एकदा सावकाश उच्चारून पाहू या. तीत क्रियापद नाही. कोंबडी कुणी आणली, पैसे कुणी मोजले, हळहळले कोण, यांतले काहीही न सांगता ती दोन जिन्नस आणि दोन किमती आपल्यापुढे मांडते आणि बेरीज आपल्यावर सोपवून मोकळी होते. ती बेरीज किती देखणी आहे! चार आणि बारा मिळून सोळा, म्हणजे बंदा रुपया. तीन आणि तेरा म्हटले असते तरी बेरीज तीच आली असती. पण चार आणे म्हणजे रुपयाचा नेमका चतुर्थांश, आणि म्हणून या विषम वाटणीतही एक रेखीव प्रमाणबद्धता आहे.

आता नाण्यांकडे पाहू. चार आण्यांसाठी पावली होती. एक नाणे टाकले की कोंबडी आपली. बारा आण्यांचे नाणे मात्र कधी नव्हतेच. ती रक्कम अधेली आणि पावली अशी जुळवावी लागे, आणि मसाल्याचा खर्चही असाच सुटा सुटा होतो. सुके खोबरे, धणे, खसखस, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, दगडफूल, नागकेशर. वाण्याच्या दुकानात प्रत्येकाची पुडी वेगळी बांधली जाते आणि एकही पुडी एकटी महाग वाटत नाही. कोंबडीसाठी आपण भर बाजारात घासाघीस करतो. पुड्यांसाठी कोण करणार? छुपा खर्च लपतो तो असा, अगदी डोळ्यांदेखत. 'नाकापेक्षा मोती जड' या म्हणीतला बोजा पाहणाऱ्याला तत्काळ दिसतो. इथला बोजा मात्र रस्सा चुलीवर चढेपर्यंत ध्यानात येत नाही, आणि मला तरी ही दुसरी जाण अधिक सूक्ष्म वाटते.

तरीही या म्हणीच्या तक्रारीत कडवटपणा नाही, कारण तिने उदाहरण निवडले तेच मुळी रसनेला सुखावणारे. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाशिवाय त्या कोंबडीला चव कुठली? वरखर्चाविषयी कुरकुरतानाही ही म्हण घरभर दरवळते.

१ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली आणि आण्यांचा हिशेब मागे पडला. पंचवीस पैशांची कोंबडी आणि पंचाहत्तर पैशांचा मसाला असे रूपांतर गणिताने बिनचूक ठरले असते. मराठी जिभेने ते स्वीकारले नाही, कारण 'चार' आणि 'बारा' यांचा तो जुळणारा नाद त्यात उरला नसता. २०११ च्या मध्यावर पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले. आणा ज्यांनी कधी हाताळला नाही अशी तरुण मंडळी आज स्वस्तात प्रिंटर घेतात आणि शाईचे कार्ट्रिज बदलायची वेळ आली की ही म्हण अगदी नेमक्या जागी, जराही न अडखळता उच्चारतात.