‘मिस्सा लुबा’ पुन्हा ऐकताना

बेल्जियन फ्रान्सिस्कन धर्मगुरू गुइदो हाजेन यांच्या प्रेरणेने कांगोतील कामिना येथे १९५८ साली साकारलेली ‘मिस्सा लुबा’ आम्ही अनेकदा ऐकली आहे. शब्द लॅटिनच, सूर मात्र गायकांनी परंपरेच्या आधाराने गाता गाता घडवलेले. ‘किरिये’त लुबा लोकांच्या ‘कासाला’ या शोकगीताचा ढंग आहे. दयेची याचना येथे हंबरडा फोडते. ‘होसान्ना’त कासाईच्या नृत्याचा ठेका येतो आणि पाय स्वस्थ राहत नाहीत. (आमचेही राहिले नाहीत!) पुढे हीच मिस्सा स्वरलिपीत बांधली गेली, परदेशी गायकवृंद ती कागदावरून गाऊ लागले. ते आम्हांला खटकते. उत्स्फूर्त प्रार्थनेची ती केवळ नक्कल ठरते. तिचा खरा वारसा आम्हांला १९८८ साली रोमने मान्य केलेल्या झाईरच्या उपासनाविधीत, वेदीभोवतीच्या नृत्यात दिसतो.