नसबंदीचे अपयश कसे मोजावे?

स्त्री-नसबंदी म्हणजे एकदा केली की कायमची सुटका, अशी सर्वसाधारण समजूत असते. तिला आकड्यांनी तपासण्याचे काम अमेरिकेतील ‘क्रेस्ट’ या अभ्यासाने केले. १९७८ पासून शस्त्रक्रिया झालेल्या १०,६८५ स्त्रियांचा आठ ते चौदा वर्षे मागोवा घेऊन १९९६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नसबंदीनंतरही गर्भ राहण्याच्या १४३ घटना आढळल्या.

येथे विद्यार्थ्यांना एक हिशेब करायला द्यावा. १४३ ला १०,६८५ ने भागले, तर हजारी सुमारे १३ येतात. अहवालात मात्र दहा वर्षांचा आकडा हजारी १८.५ आहे. मग चुकले कोण? कोणीच नाही. सगळ्या स्त्रिया पूर्ण दहा वर्षे संपर्कात राहिल्या नव्हत्या. म्हणून त्या त्या काळात संपर्कात असलेल्यांपैकी कितींना गर्भ राहिला हे काढून ती जोखीम क्रमाने एकत्र केली. सरळ भागाकाराने धोका कमी भासला असता.

अभ्यासाचे खरे बळ त्याच्या चिकाटीत आहे. १४३ पैकी ४७ गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा नलिकेत, रुजले होते. असा गर्भ जिवावर बेतू शकतो. चौथ्या ते दहाव्या वर्षांत याचे वार्षिक प्रमाण पहिल्या तीन वर्षांपेक्षा कमी झाले नव्हते. दोन-तीन वर्षांत थांबणाऱ्या पाहणीला हे दिसलेच नसते.

पद्धतींची तुलना मात्र जपून वाचावी. स्प्रिंगच्या क्लिपचे अपयश हजारी ३६.५, तर बाळंतपणानंतर लगेच नलिकेचा तुकडा कापण्याच्या पद्धतीचे ७.५. पण कोणाला कोणती पद्धत, हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. दोन्ही गटांतील स्त्रिया मुळातच वेगळ्या असू शकतात. शिवाय क्लिप एकाच प्रकारची होती. तेव्हा सर्व क्लिपांना हा आकडा लावणे योग्य नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचे वजन मोठे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहित स्त्रियांच्या ३७.९ टक्के जोडप्यांत स्त्रीची नसबंदी झालेली होती, तर पुरुषाची अवघ्या ०.३ टक्के जोडप्यांत. शस्त्रक्रियेपूर्वी बाईला ‘कायमची’ एवढेच सांगून भागणार नाही. किती वर्षांनीही पाळी चुकली किंवा पोटात दुखू लागले, तर तपासून घ्यायचे, हेही तिला सांगायला हवे.