मेरुरज्जूवरील पहारा : पुराव्याची मीमांसा

पाठीच्या कण्याचा बाक सरळ करीत असता मेरुरज्जूला इजा पोहोचल्यास रोग्याचे पाय कायमचे लुळे पडण्याचा संभव असतो. आणि भुलेखालील रोगी ती इजा सांगू शकत नाही. १९७३ साली फ्रान्समध्ये वोझेल, स्तान्यारा व त्यांचे सहकारी यांनी मांडलेला उपाय साधा होता : मध्येच भूल उतरवावयाची व रोग्यास पाय हलवावयास सांगावयाचे. ही कसोटी प्रत्यक्ष खरी, पण क्षणापुरती. अखंड पहाऱ्यासाठी पायातील मज्जातंतूस विद्युत्स्पंद देऊन टाळूवर उमटणारा प्रतिसाद मोजण्याची पद्धत पुढे रूढ झाली. प्रतिसादाची उंची निम्म्याने घटली किंवा त्यास लागणारा वेळ दशांशाने वाढला, की धोका समजावा, हा तिचा सामान्य संकेत होय.

या पद्धतीच्या समर्थनार्थ न्यूवर व सहकाऱ्यांचा १९९५ चा निबंध वारंवार पुढे केला जातो. त्यात ५१,२६३ शस्त्रक्रियांची पाहणी आहे. प्रतिसाद स्थिर असूनही निश्चित व्यंग उद्भवल्याचे प्रमाण अवघे ०.०६३ टक्के आढळले. शिवाय अनुभवी निरीक्षक-पथकांकडे व्यंगाचे प्रमाण अननुभवी पथकांच्या निम्म्याहूनही कमी होते. संख्या भारदस्त आहे. निष्कर्षाविषयी मात्र दोन आक्षेप संभवतात.

पहिला शरीररचनेचा. हा संवेदी प्रतिसाद मुख्यतः रज्जूच्या मागील स्तंभांतून जातो. ऐच्छिक हालचालीचा मार्ग निराळा आहे. रज्जूच्या पुढील भागाचा रक्तपुरवठा तुटला तरी प्रतिसाद अबाधित राहू शकतो. मर्टन व मॉर्टन यांनी १९८० साली टाळूवरून मेंदू उद्दीपित करून स्नायूंचा प्रतिसाद मिळविला. त्यातून या उणिवेवर तोड निघाली. परंतु वायुरूप भूलद्रव्ये व स्नायुशिथिलके यांनी तो प्रतिसाद क्षीण होतो.

दुसरा आक्षेप तर्काचा, व अधिक मूलगामी. इशारा मिळताच शस्त्रवैद्य सळईचा ताण सैल करतो, रक्तदाब वाढविला जातो, प्रतिसाद पूर्ववत होतो आणि रोगी जागा होऊन पाय हलवितो. येथे इजा टळली, की इशाराच खोटा होता? एकट्या त्या प्रसंगावरून निर्णय करता येत नाही. अनुभवी पथकाजवळ अनुभवी शस्त्रवैद्यही असण्याचा संभव आहे. मग श्रेय कोणाचे? पहाऱ्यावाचून शस्त्रक्रिया करून तुलना करावी, तर त्या गटात कोणाचे पाय पणास लावावयाचे?

म्हणून इजा ओळखण्याचे साधन या नात्याने पद्धतीचा पुरावा सबळ, तर इजा टाळण्याचे साधन या नात्याने तो अनुमानाधिष्ठित आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. तथापि खोट्या इशाऱ्याचे मोल बहुधा काही मिनिटे. हुकलेल्या इशाऱ्याचे मोल आयुष्यभराचे पंगुत्व. वापराचे समर्थन या विषमतेत आहे. संशोधकाने मात्र प्रत्येक इशारा, त्यावर केलेली कृती व तिचा परिणाम यांची स्वतंत्र नोंद ठेविली पाहिजे. अन्यथा सुटका आणि योगायोग यांतील भेद आकड्यांत कधीच दिसणार नाही.