वनस्पती-अर्क आणि ‘कर्करोगविरोधी’ हे विशेषण : एक चिकित्सा

प्रयोगशाळेत वाढविलेल्या कर्कपेशींवर वनस्पतीचा अर्क टाकावा व पेशी घटल्या की त्या वनस्पतीस ‘कर्करोगविरोधी’ म्हणावे, अशा स्वरूपाचे शोधनिबंध महाविद्यालयीन संशोधनात वारंवार आढळतात. त्यांतील निरीक्षणांविषयी तक्रार नाही. आक्षेप आहे तो निष्कर्षाला.

या निबंधांचा आधार बहुधा मॉसमन यांनी १९८३ मध्ये मांडलेली एमटीटी चाचणी असतो. तीत जिवंत पेशी पिवळ्या रसायनाचे जांभळ्या फॉर्मॅझानमध्ये क्षपण करतात व रंगाच्या तीव्रतेवरून पेशींचे प्रमाण ठरविले जाते. प्रत्यक्षात मोजला जातो तो चयापचय. त्यातच अर्कातील अँटिऑक्सिडंट द्रव्ये पेशी नसतानाही हा रंग उमटवू शकतात. तेव्हा पेशीविरहित अर्काची तुलना न करता दिलेला आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत असला तरी संदिग्धच राहतो. निरोगी पेशींवरील चाचणी तर पुष्कळदा वगळलेलीच असते. सरसकट सर्व पेशी मारण्याचे काम मोरचूदही करील! कच्च्या अर्कासाठी दर मिलिलिटरला २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या आत निम्म्या पेशींची वाढ रोखली जावी, हा निकष सर्वत्र उद्धृत होतो; परंतु त्याच्या कित्येक पट मात्रेलाही ‘लक्षणीय परिणाम’ म्हटलेले दिसते.

याउलट नरक्याचे उदाहरण पाहावे. नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी व त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. १९७२ मध्ये तेच द्रव्य भारतातील नरक्यातही असल्याचे प्रसिद्ध झाले. पेशींवर प्रभावी ठरलेल्या या द्रव्याच्या रुग्णांवरील आरंभीच्या चाचण्या मात्र मूत्राशयाच्या गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करून सिद्ध झालेल्या टोपोटेकानला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये. दरम्यान, कच्च्या मालासाठी झालेल्या तोडीने सह्याद्रीतील नरक्या धोक्यात आला, हा या कथेचा फारसा न सांगितला जाणारा भाग.

आपले निबंध हा तीस वर्षांचा प्रवास एका शीर्षकात उरकतात. असे शीर्षक वृत्तपत्रात पोहोचले की उपचार सोडून काढ्याकडे वळणारा रुग्ण त्यातील ‘पेशी’ हा शब्द वाचत नाही. म्हणून परीक्षकांनी निरोगी पेशींची तुलना, ज्ञात औषधाचे नियंत्रण आणि वनस्पतीचा हर्बेरियम नमुना-क्रमांक यांचा आग्रह धरावा. ते नसल्यास शीर्षकात ‘हेला पेशींवरील विषाक्तता’ एवढेच लिहावयास लावावे.