पंचवीस वॅटचे उत्तर

एनसीईआरटीच्या २००६ साली निघालेल्या इयत्ता दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, विजेवरील प्रकरणाच्या स्वाध्यायात एक प्रश्न आहे. २२० व्होल्ट, १०० वॅट असा शिक्का असलेला दिवा ११० व्होल्टवर लावला, तर किती शक्ती वापरली जाईल? अपेक्षित उत्तर २५ वॅट. विभवांतर निम्मे झाले, शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून पाव. आकडेमोड बिनचूक आहे. पण कुंतलाचा दिवा असा वागत नाही.

पूर्ण दाबावर टंगस्टनचे कुंतल सुमारे २५०० अंश सेल्सियसपर्यंत तापते. तेव्हा त्याचा रोध ४८४ ओहम असतो. थंड असताना तोच रोध जेमतेम ३५ ओहमच्या आसपास भरतो. ११० व्होल्टवर कुंतल कमी तापते, रोध ३५० ओहमपर्यंत उतरतो आणि दिवा सुमारे ३४ वॅट घेतो. प्रकाश मात्र पावही उरत नाही. तो दहाव्या हिश्श्यावर येतो, तोही तांबूस. उलट दाब ५ टक्के चढला, तर दिव्याचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते.

गंमत अशी, की याच प्रकरणात ओहमचा नियम सांगताना ‘तापमान कायम असेल तर’ ही अट स्पष्ट दिली आहे. ती स्वाध्यायात का गळली? आम्हाला हा तपशिलाचा मुद्दा वाटत नाही. मोजून ३४ लिहिणाऱ्या मुलाचा गुण जातो, न मोजता २५ लिहिणाऱ्याला मिळतो. यातून मूल काय शिकते?

पडताळा सोपा आहे. नवीन जालन्यात मोटरसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानातून सिग्नलचा १२ व्होल्ट, १० वॅटचा कुंतलाचा बल्ब आणावा. दीड व्होल्टचे मोठे सेल आधी आठ, मग चार जोडून मल्टिमीटरने बल्बवरचे विभवांतर व धारा मोजावी. १२ व्होल्टला धारा ०.८३ अँपिअरच्या जवळपास येईल. ६ व्होल्टला सूत्र ०.४२ सांगते, मीटर मात्र ०.५५ च्या पुढे दाखवील. घरातल्या विजेवर हा प्रयोग करू नये.

आज घरोघरी एलईडी दिवे आहेत. चांगल्या एलईडी दिव्यातील मंडल दाब बराच उतरला तरी प्रकाश कायम ठेवते. त्यासाठी तो उलट जास्त धारा ओढतो. त्याला हे सूत्र लावणे तर मुळीच योग्य नाही.

प्रश्न काढून टाकावा असे आम्ही म्हणत नाही. ‘रोध बदलत नाही असे गृहीत धरा’ एवढे शब्द त्यात घालावेत. त्याखाली आणखी एक प्रश्न द्यावा : हे गृहीतक खऱ्या दिव्याला लागू पडते का? कारण सांगा.