आवाजातला सांधा

किन्हवलीच्या शेतातून पलीकडच्या बांधावरल्या माणसाला हाळी देताना आवाज जाड सुरातून एकदम बारीक सुरात उडी घेतो. या उडीची आल्प्समधल्या गुराख्यांनी कला केली, तीच यॉडलिंग. अभिजात गायकीत दोन आवाजांमधला सांधा कळू न देणे हे कसब मानतात. यॉडलर नेमका तोच सांधा ऐकवतो.

आपल्याकडे यॉडलिंग म्हटले की किशोरकुमारचा अवखळपणा आठवतो. ही समजूत अपुरी आहे. भावाच्या, अनूपकुमारच्या संग्रहातील जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्या ऐकून तो हे शिकला, असे सांगतात. रॉजर्स (१८९७-१९३३) हा मिसिसिपीतला रेल्वेचा ब्रेकमन. क्षयाने रेल्वेतली मेहनत झेपेना, तेव्हा गाणे हाच पोटाचा धंदा झाला. १९२७ मध्ये त्याचे पहिले ध्वनिमुद्रण झाले आणि त्याच वर्षी पहिले ‘ब्लू यॉडल’ही. कृष्णवर्णीयांच्या ब्लूजला त्याने यॉडल जोडले. कडव्यात बढाई असते, थट्टा असते. कडवे संपले की आवाज फुटतो आणि शब्दांनी झाकलेला एकटेपणा उघडा पडतो. मे १९३३ मधल्या अखेरच्या ध्वनिमुद्रणात दोन गाण्यांमध्ये त्याला खाटेवर पडून राहावे लागे. दोन दिवसांनी तो गेला.

किशोरकुमारने या वारशातले काय घेतले? स्वतः संगीत दिलेल्या ‘झुमरू’मध्ये (१९६१) यॉडल हा बहुतांशी खेळ आहे, तिथे अवखळपणाचा आक्षेप मान्य करावा लागतो. मात्र ‘अंदाज’मधले (१९७१) मोटारसायकलवरचे गाणे वेगळे. शब्द उद्याचा भरवसा नसल्याचे हसत सांगतात आणि कथेत त्या नायकाला अपघाती मरण येते. चित्रपट पाहिल्यावर तेच गाणे पुन्हा ऐकले, तर ती उडी निव्वळ मौजेची राहत नाही. चाल तीच, आवाज तोच. पण आनंद किती पातळ पापुद्र्यावर उभा आहे, हे त्या सांध्यात कळते.

किशोरकुमारने शास्त्रीय तालीम घेतली नव्हती, हे वाक्य आपण बहुधा उणीव म्हणून किंवा चमत्कार म्हणून उच्चारतो. दोन्हींमुळे त्याच्या गाण्याचा विचार तिथेच थांबतो. सांधा झाकण्याची शिस्त त्याला कोणी लावली नाही. तो उघडा ठेवण्याची रीत मात्र त्याने दूरदेशीच्या एका आजारी रेल्वे कामगाराच्या तबकड्यांवरून मेहनतीने कमावली. तीही तालीमच होती.