पॅन्ट घसरलेला बाप

‘मॉरल ओरेल’ दोन-तीन भागांनंतर कुणी सोडून दिली तर मी त्याला दोष देणार नाही. जोक एकच आहे. अमेरिकेतलं मॉरलटन नावाचं काल्पनिक गाव, सगळे कट्टर प्रोटेस्टंट, आणि त्यात ओरेल पपिंग्टन हा अकरा-बारा वर्षांचा भाबडा मुलगा. चर्चमध्ये ऐकलेलं तो शब्दशः खरं मानतो, त्यापायी काहीतरी भयंकर करून बसतो, मग त्याचा बाप क्ले त्याला स्टडीत नेतो, पट्ट्याने मारतो आणि तात्पर्य सांगतो. पट्टा काढल्यामुळे तात्पर्य सांगताना त्याची पॅन्ट घसरून घोट्यांपाशी आलेली असते. डिनो स्टॅमाटोपोलसने ही स्टॉप-मोशन मालिका २००५ मध्ये अ‍ॅडल्ट स्विमवर आणली, तेव्हा तिचा चेहरामोहरा ‘डेव्ही अँड गोलायथ’ या ल्युथरन चर्चच्या जुन्या बाहुल्यांच्या मालिकेची टर उडवणारा होता. अकरा-बारा मिनिटं धर्माची खिल्ली, की झालं.

पण क्लेची तात्पर्यं नीट ऐका. एका भागात पोरगं चक्क ड्रग्जच्या नादी लागतं, आणि मार बसतो तो स्लँग वापरल्याबद्दल. मुलाचं नेमकं काय चुकलं हे क्ले जवळजवळ कधीच सांगत नाही. चारचौघांत शोभणार नाही असं काय झालं, एवढंच त्याला दिसतं. आपल्याकडे याला ‘लोक काय म्हणतील’ म्हणतात. मॉरलटनमध्ये त्याला ‘देवाची आज्ञा’ म्हणतात, इतकाच फरक. शिवाय क्ले गावचा महापौरही आहे.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी, २००७ मध्ये, ‘नेचर’ हा जोडभाग आला आणि जोक संपला. क्ले ओरेलला शिकारीला नेतो, दारू पितो आणि नशेत पोराच्या पायात गोळी घालतो. त्यानंतरचा तिसरा सीझन बहुतांशी त्याच शनिवार-रविवारच्या आसपास घुटमळतो. बाप-लेक जंगलात असताना गावातल्या इतर बंद दारांमागे काय चाललं होतं, हे आपण बघत राहतो. गोळी झाडली जाणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे साधी भांडी घासणंसुद्धा बघवत नाही.

भांडी घासणारी बाई म्हणजे ब्लोबर्टा, ओरेलची आई. पहिल्या दोन सीझनमध्ये ती फक्त हसत साफसफाई करते. ‘नम्ब’ या भागात घरी एकटी असताना ती कुणाच्या तरी स्पर्शासाठी काय काय करते, ते मी इथे लिहीत नाही, बघा. ‘हेल्प’मध्ये तिचं लग्न कसं जमलं ते कळतं. मैत्रिणींची लग्नं होत चाललेली, घरी तिला कुणी विचारत नाही. अशा एका लग्नात तिला क्ले भेटतो, न पिणारा. त्याला पहिला ग्लास तीच देते, कारण शुद्धीवर असताना तो लग्नाला ‘हो’ म्हणणार नाही हे तिला दिसतं. दोघांपैकी कुणाचंच कुणावर प्रेम नाही, आणि लग्न न झालेला माणूस मॉरलटनमध्ये अर्धवट मानला जातो. म्हणजे क्लेची दारू ही या संसाराची पहिली भेटवस्तू, आणि ती दिली बायकोने.

इथे मला मालिकेशी भांडायचं आहे. क्लेला ‘पासिंग’ नावाचा अख्खा भाग मिळतो. आईचा मृत्यू, बापाचा थंडपणा, आणि थप्पड मिळाली तर निदान आपल्याकडे लक्ष तरी गेलं हे त्या पोराला लागलेलं वळण. ‘सॅक्रिफाइस’मध्ये तो बारमध्ये बसून गावातल्या पुरुषांना डिवचत राहतो, कुणीतरी आपल्याला मारावं म्हणून, तेव्हा त्याची कीव येते. ब्लोबर्टाच्या वाट्याला मात्र कीव कमी आणि कारस्थान जास्त येतं. दारुड्याच्या दारूचा दोष बायकोवर, ही सोय मॉरलटनवाल्यांना नक्की आवडली असती. ‘नम्ब’ नसता तर मी हे माफ केलं नसतं.

एक गोष्ट मात्र बहुतेक उपहासकारांना जमत नाही, ती इथे जमली आहे. ओरेलचा देवावरचा विश्वास शेवटपर्यंत टिकतो. त्याच्या आजूबाजूचे मोठे धर्माचा पडद्यासारखा वापर करतात. तो तेवढा खरंच प्रार्थना करतो, कारण प्रार्थनेत त्याला ऐकणारं कुणीतरी आहे. स्टॅमाटोपोलसने या मुलालाही नास्तिक करून टाळ्या घेतल्या असत्या, तर मालिका पुन्हा पहिल्या जोकवर आली असती.

तिसरा सीझन वीस भागांचा व्हायचा होता, चॅनेलने तो तेरावर आणला. डिसेंबर २००८ मधला शेवटचा भाग ‘ऑनर’. आई-वडिलांचा मान राख, ही आज्ञा ओरेलला पाळायची आहे, पण गोळी घालणाऱ्या बापाचा मान राखायला काहीतरी कारण हवं. ते शोधत तो ज्या कोच स्टॉपफ्रेमकडे जातो, त्याच्यावर क्लेचं वर्षानुवर्षं लपवलेलं प्रेम आहे. ख्रिसमसच्या दिवशी क्ले ते बोलून जातो आणि घरच्यांना ते कळतं. मला वाटलं, आता तरी हे घर मोडेल. मोडत नाही. त्यानंतर मालिका काही वर्षं पुढे जाते. मोठा झालेला ओरेल, बायको क्रिस्टिना, मुलं, उबदार घर. हा शेवट फार गोड आहे अशी तक्रार करता येईल. पण त्या घरात मला आवडलं ते एवढंच की तिथे कुणी तात्पर्य सांगत नाही.